फोटोतली बाई गेली, तिचं सुतक कुणाला?

ठाण्याच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय 47, शिवणकामाचे वर्ग चालवतात. त्यांचे मामा न्यूयॉर्कला नोकरीत होते. मामा गेल्यावर त्यांच्या सामानातून एक जाड पाकीट ताईंकडे आलं. त्यात 1950च्या दशकातली अमेरिकन पिनअप (म्हणजे भिंतीवर टाचायच्या फोटोंची) मॉडेल बेट्टी पेज हिचे चाळीसेक कृष्णधवल फोटो होते. आधी संकोच वाटला, मग कपड्यांकडे लक्ष गेलं, मग त्या बाईबद्दल मिळेल ते वाचून काढलं. आता दर 11 डिसेंबरला, तिच्या स्मृतिदिनी, त्या एक फोटो आणि चार ओळी समाजमाध्यमावर टाकतात. नवरा म्हणतो, "कोण कुठली बाई, तिचं सुतक आपल्याला कशाला?" कॉलेजात जाणारी मुलगी त्याहून तिखट बोलते: "आई, जिचं आयुष्यभर शोषण झालं तिचेच फोटो तू अजून लोकांना दाखवतेस." ताई विचारतात, हे थांबवावं का? मनातून काही जात नाही, मग त्याचं करायचं काय? आणि पाकिटाचं काय?

ताई,

यजमानांचा प्रश्न आधी संपवू, कारण तो सोपा आहे. सुतक नात्याचं असतं, हळहळ नात्याची असावी लागत नाही. 1969 साली मधुबाला गेली तेव्हा ज्यांच्या घरी तिचं कॅलेंडर होतं त्यांनाही वाईट वाटलंच, आणि त्यांना कुणी सोयरीक विचारली नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. वर्षातून एक दिवस चार ओळी लिहिणं हे काही घर बुडवणारं व्यसन नव्हे.

मुलीचं म्हणणं मात्र बाजूला सारू नका. तिच्या वाक्यात अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं तपासायला लागेल, तुम्ही दोघींनी मिळून.

बेट्टी मे पेज 22 एप्रिल 1923 रोजी टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला जन्मली. घरची गरिबी, बालपणाचा काही काळ अनाथालयात. तरी ती 1944 मध्ये पदवीधर झाली. 1950 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर तिला जेरी टिब्स भेटला, पेशाने पोलीस आणि हौसेने फोटोग्राफर. तिच्या मोठ्या कपाळावर उजेड चमकतो म्हणून पुढचे केस कापून कपाळावर आण, हे त्याने सुचवलं. जगभर ओळखली जाणारी ती झुलपं मुळात प्रकाशयोजनेची अडचण सोडवायला आली. पुढची सात वर्षं तिने न्यूयॉर्कच्या कॅमेरा क्लबांत, आयर्विंग क्लॉ आणि त्याची बहीण पॉला यांच्या स्टुडिओत, आणि 1954 मध्ये फ्लोरिडाला छायाचित्रकार बनी येगरसमोर काम केलं. 1957 मध्ये तिने मॉडेलिंग सोडलं, मग धर्माकडे वळली, बायबलच्या प्रचारात रमली.

शोषण कुठे? क्लॉकडे. तो दोरखंड, साखळ्या, चाबूक असले फोटो टपालाने विकायचा. एरवीच्या फोटोंचे पैसे हवे असतील तर तासभर असलं कामही करावं लागे, हे बेट्टीनेच पुढे सांगितलं. याला निखळ मर्जी म्हणता येणार नाही. पण त्याच बाईने म्हातारपणीच्या मुलाखतींत हेही सांगितलं की कपडे उतरवून उभं राहण्याची तिला लाज वाटली नव्हती, आणि दिवसभर टंकलेखन करण्यापेक्षा ते बरं होतं. आता मुलीला विचारा, या दोन विधानांपैकी आपण एकच का निवडायचं? तिला फक्त बळी म्हटलं तर तिचं दुसरं वाक्य आपण गिळतो, आणि फक्त 'पिनअपची राणी' म्हटलं तर पहिलं.

मला विचाराल तर तिच्यावरचा मोठा अन्याय नंतरचा होता. आजाराने तिला गाठलं. स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, हातून हिंसाही घडली, आणि 1980च्या दशकातला बराच काळ कॅलिफोर्नियाच्या मनोरुग्णालयात गेला. नेमक्या त्याच वर्षांत बाहेर तिच्या चेहऱ्याची लाट आली. चित्रकार डेव्ह स्टीव्हन्सने 1982 मध्ये सुरू केलेल्या 'द रॉकेटीअर' या चित्रकथेत नायकाची प्रेयसी बेट्टीवरून बेतली होती. पोस्टरं, पत्ते, टीशर्ट धडाधड विकले जात होते. तिला पैसे नव्हते, आणि आपण पुन्हा प्रसिद्ध झालो आहोत याचा पत्ताही नव्हता. तिची ओळख झाल्यावर स्टीव्हन्स तिला हक्काचा मोबदला मिळावा म्हणून धडपडला. चाहत्याने काय करावं याचा तो चांगला नमुना. तो 2008च्या मार्चमध्ये गेला आणि ती त्याच वर्षी 11 डिसेंबरला, लॉस एंजेलिसच्या रुग्णालयात, 85व्या वर्षी.

एक गोष्ट तिने सहसा सोडली नाही. मुलाखत देईन, पण म्हातारपणचा चेहरा दाखवणार नाही. लोकांनी आपल्याला फोटोत होतो तशीच लक्षात ठेवावं, ही तिची इच्छा होती. मधुबाला 36व्या वर्षी गेली, म्हणून फोटोत तरुण राहिली. बेट्टी 85 वर्षं जगली आणि तरुण राहण्याचा निर्णय तिने स्वतः घेतला. म्हणून तिच्या चाहत्यांचा शोक जरा विचित्र असतो: ज्या बाईसाठी डोळे पाणावतात ती 1957 मध्येच नजरेआड झाली होती, आणि जी 2008 मध्ये गेली तिला बहुतेकांनी पाहिलंच नव्हतं. तुमच्या मनातला गुंता हाच असावा. तो चुकीचा नाही. पण यातून 11 डिसेंबरचा एक नियम आपोआप निघतो. तिच्या उतारवयाचे म्हणून जे मोजके फोटो फिरतात ते लावायचे नाहीत. 'बघा, कशी होती आणि कशी झाली' असली जोडचित्रं तर मुळीच नाहीत.

तर थांबू नका, पण टाकायची पद्धत बदला. फोटोखाली फुलं आणि हात जोडलेली चिन्हं एवढंच असेल तर मुलीचा आक्षेप टिकतो, कारण फोटो नुसताच फिरतो आणि तो काढणारे, करणारे सगळे पुसले जातात. ओळ अशी लिहून बघा: "बेट्टी मे पेज, नॅशव्हिल 1923 – लॉस एंजेलिस 2008. छायाचित्र: बनी येगर, बोका रॅटन, फ्लोरिडा, 1954. बिबळ्या नक्षीचा पोशाख तिने स्वतः शिवलेला." ही ओळ ज्याची, तो चित्त्यांसोबतचा फोटो तुमच्या पाकिटात असण्याची शक्यता कमी आहे, कारण तो न्यूयॉर्कच्या क्लॉचा नव्हे. पण 'आफ्रिका यूएसए' नावाच्या प्राणी-उद्यानातली ती मालिका एका बाईने काढली, हे मुलीला जरूर सांगा. बनी येगर स्वतः मॉडेल होती. फ्लोरिडाच्या भर उन्हात ती फ्लॅश वापरायची, म्हणजे डोळ्यांखालच्या आणि नाकाखालच्या काळ्या सावल्या भरून निघतात. 1955च्या जानेवारीत 'प्लेबॉय'च्या मधल्या पानावर आलेला सांताटोपीतला फोटोही तिचाच. कॅमेऱ्यामागे बाई, पोशाख शिवणारी बाई, आणि सत्तर वर्षांनी तो बारकाईने बघणारी ठाण्याची शिंपीण. 'पुरुषांच्या डोळ्यांसाठी केलेलं काम' हे वर्णन इथे तोकडं पडतं. नाव रोमन लिपीत लिहिणार असाल तर शेवटी वाय नव्हे, आय-ई. निम्मे चाहते इथेच चुकतात.

कोणता फोटो लावावा? पोहण्याच्या पोशाखातला बिनधास्त लावा. पूर्ण नग्न आणि दोरखंडांचे घरात ठेवा. यात सोवळेपणा नाही. भारतात अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून प्रसारित करणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 खाली येतं. नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याच्या वाग्दत्त वधूच्या छायाचित्राच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तरी न्यायालयात जिंकण्याआधी वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतात, ते कशाला? शिवाय दोरखंडांच्या फोटोंबाबत तिची मर्जी किती होती हे वर पाहिलंच. आणखी एक: फोटो छापून पिशव्या, टीशर्ट, वर्गाची जाहिरात असलं काही करू नका. येगरच्या फोटोंचे हक्क वेगळे, आणि बेट्टीच्या नावा-चेहऱ्याचा व्यापारी हक्क कॅलिफोर्नियाच्या कायद्यात मृत्यूनंतर 70 वर्षं टिकतो, म्हणजे 2078 पर्यंत. जिवंतपणी तिला फुकट विकलं गेलं, निदान आता तरी नको.

आता पाकीट. अशी पाकिटं बऱ्याच घरांत निघतात, मामांची, काकांची, आजोबांची, आणि एक तर जाळली जातात नाही तर लाखाची समजून कुलपात जातात. तुमचे फोटो मामांनी कधी घेतले ठाऊक नाही, पण मूळ 1950च्या दशकातले असण्यापेक्षा नंतरच्या प्रती असण्याचा संभव मोठा. कायद्याचा ससेमिरा वाढल्यावर आयर्विंग क्लॉने निगेटिव्ह नष्ट करायला घेतल्या. पॉलाने त्यातल्या बऱ्याच गुपचूप राखून ठेवल्या आणि त्यांच्याच प्रती पुढे कित्येक वर्षं दुकानात मिळत राहिल्या. म्हणजे आज आपण जे बघतो त्यातलं पुष्कळसं पॉलामुळे उरलं आहे.

तपासायचं कसं? दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळदुरुस्तीवाल्याकडे असतं तसं. राखाडी भागात ठिपक्यांची जाळी दिसली तर तो फोटो नव्हे, मासिकातलं किंवा पोस्टकार्डाचं छपाईकाम. जाळी नसेल तर कागद बघा. पाठ प्लास्टिकसारखी गुळगुळीत लागली, कागद सपाट राहत असला, तर तो रेझिनचा थर दिलेला कागद आहे. असा कागद 1970च्या आसपास रुळला, म्हणजे ती प्रत तिने काम सोडल्यानंतरचीच. पाठीवर पाण्याचा थेंब टाकून बघा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, जुन्या कागदावर डाग कायमचा पडतो. कागद तंतुमय, थोडा वळलेला, आणि गडद भागांच्या कडांना तिरक्या उजेडात निळसर चंदेरी चकाकी असेल तर प्रत जुनी असू शकते. मग अंधाऱ्या खोलीत 365 नॅनोमीटरची अतिनील टॉर्च मारा. कागद निळा-पांढरा लखलखला तर त्यात उजळपणा आणणारं रसायन आहे, आणि ते फोटोच्या कागदात 1950च्या दशकाच्या मध्यापासून येऊ लागलं. इथे घाई नको: लखलखाट नाही म्हणून प्रत जुनीच, असं सिद्ध होत नाही, कारण हे रसायन नसलेले कागद आजही मिळतात. शिवाय बेट्टीचं काम 1957 पर्यंत चाललं, त्यामुळे तिच्या शेवटच्या वर्षांबाबत ही कसोटी तशीही ढिली आहे.

किंमत काही निघो, सांभाळायचं सारखंच. ठाण्यात शत्रू पावसाळा. फोटोचा थर जिलेटिनचा, आणि बुरशीला जिलेटिन म्हणजे पक्वान्न. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते, आणि जुलैत आपल्याकडे ती 80च्या पुढे असते. फोटोंना 30 ते 50 टक्के मानवते. फार कोरडंही नको, थर आकसून फोटो वळतात आणि तडकतात.

हात धुऊन पूर्ण वाळवा, किंवा नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती हातमोज्यांत पकड सुटते आणि कोपरे दुमडतात. रबरबँड, टाचण्या, क्लिपा काढा. चिकटपट्टी चिकटलेली असेल तर ओढू नका, थर सोलून निघेल. ती तशीच राहू द्या. काही फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर दात साफ करायचा वास नसलेला दोरा फोटोमागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. प्रत्येक फोटोला वेगळं, आम्लमुक्त कागदाचं पाकीट. परदेशी पुस्तकं पारदर्शक पॉलिएस्टरची पाकिटं सुचवतात. तिकडच्या कोरड्या, वातानुकूलित दालनांत ती ठीक. आपल्या दमट हवेत थर प्लास्टिकला चिकटतो आणि फोटोवर चकाकते डाग उमटतात. रेनकोटसारखा वास येणारं प्लास्टिक असेल तर ते पीव्हीसी, ते कोणत्याही हवेत नको. लॅमिनेशनचा विचारही नको.

ही पाकिटं एका पुठ्ठ्याच्या खोक्यात उभी, आणि ते खोकं साधारण 20 लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. डब्यात ओल शोषणारी नारिंगी सिलिका जेल, सुमारे 250 ग्रॅम, सुती कापडाच्या पुरचुंडीत, फोटोंना न टेकता. निळी जेल नको, तिच्यात कोबाल्टचं क्षार असतं. सोबत एक छोटा आर्द्रतामापक, काही शेकड्यांत मिळतो. दाणे हिरवट झाले की 110 ते 120 अंशांवर दोनतीन तास ओव्हनमध्ये तापवा, थंड करून परत ठेवा. आर्द्रता 30च्या खाली उतरली तर जेल निम्मी काढा. डबा लोखंडी कपाटाच्या मधल्या खणात. न्हाणीघराला किंवा बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट मात्र टाळा. डांबराच्या गोळ्या टाकू नका. कडुनिंबाचा पाला तर नाहीच, अर्धवट वाळलेला पाला ओल आणि किडे दोन्ही घेऊन येतो. बुरशी आधीच दिसत असेल तर ओल्या फडक्याने पुसायचं नाही: तिने थर पचवून मऊ केलेला असतो, पुसताना चेहराच निघून येतो. आधी पंख्याखाली सावलीत वाळवा, मग गच्चीत मास्क लावून मऊ कुंचल्याने हलके झटका.

स्कॅन करताना 600 डीपीआय (इंचाला 600 ठिपके), टिफ स्वरूप. 8 बाय 10 इंचांचा फोटो राखाडी छटांत साधारण 29 एमबीचा होतो, म्हणजे चाळीस फोटो सव्वा जीबीच्या आत. एक प्रत घरी, एक दुसऱ्या कुणाच्या घरी. पाकिटावर (फोटोवर नव्हे) पेन्सिलीने क्रमांक, अंदाजे साल, 'मामांच्या सामानातून', आणि फोटोमागे शिक्का असेल तर तो जसाच्या तसा उतरवा.

आता तुमच्या हातातली कला. मॉडेलिंगच्या दिवसांत बेट्टी तिचे पुष्कळसे पोशाख स्वतः शिवायची, हे तुम्ही वाचलंच असेल. वर्गात 11 डिसेंबरला फोटोला हार घालण्याऐवजी तसा एक दोन तुकड्यांचा पोशाख शिवून दाखवा. लायक्रा या ताणल्या जाणाऱ्या धाग्याचा शोध 1958चा, म्हणजे तिने काम सोडल्यानंतरचा. आजच्या विद्यार्थिनी नेमक्या इथे फसतात: मापापेक्षा लहान बेतलेला लायक्राचा कागद घेऊन सुती पॉपलिन कापतात आणि तो कमरेवरून वर चढतच नाही. पॉपलिनला घेराच्या मापावर दोनतीन सेंटीमीटर ढिलाई द्या आणि बाजूला बंद किंवा बटणपट्टी ठेवा. वरचा तुकडा उरेब कापा, 45 अंशांत, म्हणजे अंगासरशी बसेल. सरळ धाग्यावर कापला तर काखेपाशी पोकळी राहते, मग कितीही टक्स घाला. उरेब तुकडे रात्रभर टांगून ठेवा, लोंबायचे तेवढे लोंबू द्या, मगच कडा मोडा. त्याआधी गळ्याला आणि काखेला एक धावती शिवण घालायची, नाहीतर हाताळतानाच ते ताणले जातील. पायाच्या घेराला 6 मिलिमीटरचं इलॅस्टिक, मापापेक्षा एक दशांश कमी. आधी मांजरपाटावर करून बघा. मधल्या बांध्याला पॉपलिन एक मीटर, अस्तर तेवढंच. मुलींना हा पोशाख उभा राहिलेला दिसला की बेट्टीबद्दल बोलायला वेगळं निमित्त लागणार नाही.

अमेरिकेत असलेल्या आणि असंच काही वाटणाऱ्या वाचकांसाठी दोन ओळी. तिची कबर लॉस एंजेलिसच्या वेस्टवूड व्हिलेज मेमोरियल पार्कमध्ये आहे. विल्शर मार्गाजवळच्या उंच इमारतींमागे लपलेली ती छोटी स्मशानभूमी आहे. मेरिलिन मन्रोही तिथेच आहे, त्यामुळे गर्दी तिच्याभोवती. तिथे इतर घरांचेही विधी चालू असतात. फुलं ठेवावीत, पण कबरीशेजारी तिच्या ढंगात उभं राहून फोटो काढण्याचा मोह आवरावा.

मुलीशी बोलायला वेगळी बैठक घालू नका. भिंग आणि टॉर्च तिच्या हातात द्या, चाळीस फोटोंची नोंद दोघींनी मिळून करा. कोणता ठेवायचा, कोणता दाखवायचा, कोणता नाही, यावर प्रत्येक फोटोपाशी तुमचं भांडण होईल, होऊ दे. डबा मात्र पावसाळ्यात बंद करू नका, आतली दमट हवा आतच कोंडेल. 11 डिसेंबरनंतरची एखादी कोरडी दुपार बघा, फोटो, पाकिटं आणि खोकं दोन तास पंख्याखाली उघडं ठेवा, मापकाचा काटा 50च्या खाली आला की झाकण लावा.